हर्मनने उशिरा उडवलेला बार

हर्मन लिंडेमान आमच्या गावचा घड्याळजी. चर्चच्या मनोऱ्यावरचं घड्याळ मिनिटभर मागे पडलं तरी या माणसाला जेवण गोड लागायचं नाही. म्हणून शेगड्यांच्या कारखान्याने पगारी खेळाडू ठेवून बास्केटबॉलचा संघ उभा केला, तेव्हा सामन्याची वेळ राखायला दुसऱ्या कोणाचं नावच निघालं नाही. तो टेबलाशी घड्याळ आणि आवाजापुरतं पिस्तूल घेऊन बसायचा आणि वेळ संपली की बार उडवायचा. शेजारी गुणांची वही घेऊन मी.

खरं सांगायचं तर तो बार आमच्या सोयीने उडायचा. आम्ही पुढे असलो की चटकन, चेंडू आमच्या हातात असला की जरा सावकाश. विस्कॉन्सिनातल्या गावोगावी हेच चालायचं. पाहुणे शिव्या घालत निघून जायचे आणि त्यांच्या गावी आम्हाला तसंच नाडायचे. यात काही वाईट आहे असं तेव्हा वाटलंच नाही, याची आता लाज वाटते.

अठ्ठेचाळीसच्या मार्चमधला रविवार. त्या दुपारी जिंकलो तर संघ मोठ्या लीगमध्ये जाणार होता. हरलो तर मालक संघ मोडणार, हे त्याने आधीच सांगून टाकलं होतं. आमचे सामने व्हायचे त्या नाचाच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. गुण बरोबरीत, चेंडू ऑरिन टेशकडे. ऑरिन ओतकाम खात्यातला, त्याचे वडीलही तिथेच. वेळ संपली, काटा माझ्या डोळ्यांसमोर पुढे सरकला, पण बार उडाला नाही. ऑरिनने एकदा बास्केट गाठावी, एवढंच हर्मनच्या मनात होतं. तेवढ्यात एका पाहुण्याने ऑरिनच्या हातून चेंडू अलगद काढून घेतला आणि लांबूनच फेकला. हर्मनचं बोट थिजलं. चेंडू जाळीतून खाली पडला आणि मग पिस्तूल वाजलं. वेळेवर वाजतं तर बरोबरी होती, जादा पाच मिनिटं मिळाली असती.

गाव ऑरिनवर तुटून पडलं. एवढा कसलेला गडी असा चेंडू सोडतो? पैसे खाल्ले असणार. गुत्त्यात कोणी त्याच्या शेजारी बसेना. वडिलांनीही बोलणं टाकलं आणि तोंड दाखवायला नको म्हणून ते डुलुथला लेकीकडे कायमचे निघून गेले. ऑरिनने मिलवॉकीत काम धरलं. हर्मन गप्प राहिला. मीही. मी भित्रा, दुसरं काही कारण नाही.

अकरा वर्षांनी हर्मनला अगदीच राहवेना. बर्फ वितळल्यावर माझ्या गाडीतून आम्ही ऑरिनच्या घरी गेलो. हर्मनने दारातच, टोपी हातात धरून सगळं सांगितलं.

ऑरिन शांतपणे म्हणाला, "मला माहीत आहे. मी मनात सेकंद मोजत होतो. वेळ संपली म्हणून हात ढिला सोडला."

"मग बोलला का नाहीस, बाबा?"

"माझं कोण ऐकणार होतं? तुम्ही सांगाल म्हणून थांबलो. रोज वाटायचं, आज सांगतील."

हर्मन म्हणाला, या रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभा राहतो. डुलुथला जाऊन वडिलांचेही पाय धरतो.

"ते नाताळात गेले," ऑरिन म्हणाला. "मी सामना विकला असं समजूनच गेले. आता गावाला सांगा, नाहीतर राहू द्या."

त्याने आम्हाला कॉफी विचारली. आम्ही नको म्हणालो.

परत येताना हर्मन गाडीत मान खाली घालून रडत होता. नोव्हेंबरातच जाऊ म्हणून तो माझ्या मागे लागला होता. हरणांच्या शिकारीचे दिवस संपू देत, मग बघू, असं मीच म्हणालो होतो.