मूठ काऊन मिटायची?

तिला काहीही सांगितले, तरी तिच्या तोंडून निघणारा पहिला शब्द ठरलेला असे: ‘काऊन?’, म्हणजे आमच्या बोलीतले ‘का?’. देव उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालावी, म्हटले की ‘काऊन?’ प्रसाद डाव्या हाताने घेऊ नये, म्हटले की ‘काऊन?’ त्या प्रश्नात उद्धटपणाचा लवलेश नसे. विहिरीत पोहरा सोडणाऱ्याला पाणी किती खोल आहे याची जी उत्सुकता असते, तेवढीच तिच्या डोळ्यांत असे. तेलंगणाच्या सीमेवरच्या आमच्या जैनथ गावात तिचे शाळेतले नाव फार थोड्यांना ठाऊक होते. सारे गाव तिला काऊनबाई म्हणे आणि ती आनंदाने ओ देई.

संस्कृतच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यावर मी सायंकाळी नारायणाच्या देवळाच्या मंडपात मुलांना स्तोत्रे शिकवू लागलो. गणपतराव हे पैनगंगेकडच्या अंगाला कापूस करणारे शेतकरी. त्यांची ही धाकटी मुलगी शाळेच्या गणवेशातच येऊन पहिल्या ओळीत बसे. आमच्या सीमेवरच्या बोलीत ‘आम्ही’चे ‘आमी’ होते, ते मला ठाऊक होते. परंतु स्तोत्र म्हणताना मुले शब्दाचा अंत्य वर्णच गिळून टाकीत, ते मला सोसवेना. माझ्या वेदपाठशाळेत अंत्य ‘म्’ उच्चारताना हाताची मूठ मिटण्याची रीत होती. तीच खूण मी मुलांना दिली. ‘देवम्’ म्हणायचे आणि मूठ मिटायची.

“गुरुजी, मूठ काऊन मिटाची?”

“शेवटचा वर्ण निसटू नये म्हणून.”

तिने आपली मिटलेली मूठ काही वेळ निरखली, मग हळूच उघडून आत पाहिले. “आन् निसटला त कुठं जाते?”

हा प्रश्न मी माझ्या गुरूंना कधी विचारला नव्हता. “उद्या सांगतो,” असे म्हणून मी वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी मी आसनावर बसतो न बसतो तोच ती समोर उभी. “गुरुजी, आज उद्या हाय.”

भाषा बदलणे हा तिचा दुसरा खेळ होता. घरी वडिलांशी वऱ्हाडी वळणाची मराठी, बसच्या कंडक्टरशी तेलुगू, कापसाच्या व्यापाऱ्याशी हिंदी. एकदा एकाच प्रवासात तिने तिघांशी तीन भाषांत वाद घातला आणि तिन्ही वाद जिंकले, असे गणपतराव अभिमान लपवीत सांगत. इंग्रजी मात्र तिने स्वतः होऊन मिळवली. पदवी घेतली, अदिलाबादच्या एका खासगी शाळेत शिकवू लागली, आणि इंग्रजी शिकवण्याचा एक अभ्यासक्रम घरी बसून मोबाइलवरच पूर्ण केला. तो कशासाठी, हे तिने कोणाला सांगितले नव्हते.

ते उलगडले तेव्हा गणपतराव तिला घेऊन थेट माझ्याकडे आले.

“गुरुजी, तुमीच समजावा हिले. व्हिएतनामले जाऊन राह्यली. एकली. तिथं आपलं कोनी नाही, भाकर नाही.”

“भाकर नाही त भात हाय ना, बाबा.”

“आन् काम?”

“तिथं गेल्यावर पाहीन. इंग्रजी शिकवाले मान्सं लागतेत तिथं.”

“नाही लागले मंग?”

गणपतराव विचारी गृहस्थ होते. त्यांनी उपरणे खांद्यावर नीट घेतले आणि निकाल दिला. “व्हिसा हाय तोवर फिर. काम भेटलं त तुह्यं नशीब. नाही भेटलं त निमूट परत येजो, आन् मंग पुन्हा बाहेरदेशाचं नाव काढू नको.”

“मंजूर,” ती म्हणाली. तहसील कचेरीतला तो शब्द तिच्या तोंडी असा काही खणखणीत वाजला, की मंडपातली कबुतरे उडाली.

माझे संस्कार जुने. समुद्रोल्लंघनाविषयी शास्त्रकार काय म्हणतात ते मला पाठ होते. परंतु तिच्या मुखावरचे तेज पाहून एकही वचन ओठांवर येईना. मी पंचांग उघडले. “बुधवारी निघ. दिवस उत्तम आहे.”

“तिकीट मंगळवारचं हाय, गुरुजी.”

मी पुन्हा पंचांगात पाहिले. “मंगळवारही वाईट नाही.”

त्यानंतर आमच्या सायंकाळी बदलून गेल्या. आरती आटोपली की गणपतराव मोबाइल घेऊन मंडपात येत आणि तो समईशेजारी उभा करीत. त्यात काऊनबाई दिसे. कधी आगगाडीच्या खिडकीशी, कधी कमळांच्या तळ्याकाठी, कधी दोन काड्यांनी भात उचलण्याच्या खटपटीत. वाट चुकली तरी ती हसत सांगे. ह्वे नावाच्या जुन्या राजधानीच्या शहरी पोहोचली तेव्हा म्हणाली, “इथल्या नदीले सुगंधाची नदी म्हंतेत, गुरुजी. मी दोनदा वाकून पाह्यलं. वास काही आला नाही.” मुले खदखदून हसत. या वयात माझेही पाय आरतीच्या वेळेपूर्वीच देवळाकडे ओढ घेऊ लागले.

काम मात्र मिळत नव्हते. ती अर्ज करी, उत्तरे येत नसत. व्हिसा संपत आला तसे गणपतरावांचे बोलणे तुटक झाले आणि तिचे हसणेही थोडे. मी नारायणापुढे रोज एक तुळशीपत्र अधिक वाहू लागलो. ती तिथेच राहावी असे मागावे की परत यावी असे मागावे, हे मला ठरवता येईना. म्हणून केवळ तिचे नाव घेत असे.

आणि मग एके सायंकाळी मोबाइलच्या पडद्यावर ती दिसली ती श्वास न घेता बोलतानाच. एका शिकवणी वर्गाने भेटीला बोलावले होते. दारातल्या मुलीने कागद चाळीत एकच शब्द विचारला, ‘नेटिव्ह?’ तिला म्हणायचे होते, इंग्रजी तुमची जन्मभाषा आहे काय. परंतु आमच्या भागात नेटिव्ह म्हणजे मूळ गाव. कॉलेजच्या प्रवेशाला तहसीलचा तसा दाखलाही लागतो.

“माह्या तोंडून निघून गेलं, गुरुजी. ‘जैनथ’ म्हनलं. आन् फायलीतून दाखला काढून देऊन बी टाकला.”

गणपतरावांनी कपाळाला हात लावला. आतून मुख्य बाई आल्या, त्यांनी तो शिक्क्याचा दाखला उलटसुलट वाचला आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. मग म्हणाल्या, जैनथहून इतक्या दूर आलीच आहेस, तर वर्ग घेऊन दाखव.

“पोरं ‘राइस’ले ‘राय’ म्हनत, ‘हाउस’ले ‘हाउ’. शेवटचं अक्षर गिळूनच टाकत. पाह्यता पाह्यता मले आपला मंडप दिसला.” तिने पडद्यासमोर हात धरला. “मी म्हनलं, ‘राइस’, आन् मूठ मिटली.”

अंत्य ‘स्’ला मूठ शास्त्रात नाही, पण मी ते बोललो नाही.

“साऱ्या पोरायनं मुठी मिटल्या. ‘राइस’, ‘हाउस’, स्वच्छ. आन् एक बारकी पोरगी उठली, तिच्या भाषेत काहीतरी बोलली. मी बाईले इचारलं, काय म्हंते? बाई म्हने, ती इचारून राह्यली, मूठ कशाले मिटाची.” ती पडद्याजवळ आली. “तिथं बी एक काऊन भेटली, गुरुजी.”

“निसटलेला वर्ण कुठे जातो, हे विचारले काय तिने?”

“तिले उद्या इचारू द्या ना. उद्यापासून मी रोजच हाय तिथं.”

अर्थ ध्यानात यायला आम्हांला एक क्षण लागला. गणपतरावांनी उपरण्याने मोबाइलचा पडदा पुसला, जणू धूसरपणा त्यावरच होता. “म्हंजे आता तू परत येत नाही?”

“येतो ना बाबा. सुटीत.”

मी उठलो आणि देवळाची घंटा वाजवली. आरती केव्हाच होऊन गेली होती.

शब्दाप्रमाणे ती दिवाळीत आली. मंडपात बसून मुलांना तिकडचे नमस्कार शिकवले, आपण विसरलेले एक स्तोत्र माझ्याजवळ बसून पुन्हा पाठ केले, आणि भाऊबीज होताच निघाली. गणपतराव आणि मी बसथांब्यावर गेलो होतो. ती पाया पडली. मी ‘कल्याणमस्तु’ म्हटले. बस हलली तेव्हा खिडकीतून तिचा हात बाहेर आला. आम्हांला वाटले, हलवील. तिने तो उंच धरला आणि सावकाश मूठ मिटली.

“गुरुजी,” गणपतराव बसकडे पाहतच म्हणाले, “हे पोरगी मूठ काऊन दाखवून राह्यली आपल्याले?”

काही निसटू नये म्हणून माझीही मूठ मिटली होती. “उद्या सांगतो,” मी म्हणालो.