पाचावरचा ठिपका

आमच्या ऑफिसात ताईंना कुणी नावाने हाक मारत नाही. त्या जोडतेताई. बाहेरून फोन आला की "जोडते हं" म्हणायचं आणि साठ टेबलांतल्या बरोबर टेबलावर तो पोचवायचा, हे काम त्या चोवीस वर्षं करताहेत. सगळे नंबर तोंडपाठ. जन्मापासून दिसत नाही, पण जिन्यावरच्या पावलांवरून कोण उशिरा आलं ते बिनचूक सांगतात. त्यामुळे उशिरा येणारे त्यांना जरा वचकूनच असतात. मीही त्यातलाच.

मी खरेदी विभागात. जुने फोन मोडकळीला आले, तेव्हा इंटरनेटवर चालणारे नवे फोन निवडायचं लोढणं साहेबांनी माझ्या गळ्यात अडकवलं. तीन नमुने आले. त्यातला एक म्हणजे नुसती काच, बटण औषधालाही नाही. बोट फिरवलं की चित्रं सरकतात. मी भाळलो. आता माझं वय भाळायचं आहे का? पण भाळलो खरा! 'हाच घ्यावा' असं लिहून सही ठोकली आणि चहा प्यायला गेलो.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "फोन छान आहे. पण ताई यावर काम कसं करणार?"

अहो, रोज सकाळी जिच्या टेबलासमोरून जातो, त्या बाईची मला आठवणही झाली नव्हती!

"त्यांना आवक-जावकला बसवू," साहेब म्हणाले.

"तिथे दिवसभर कागद वाचायचे असतात, साहेब."

"मग घरी बसू देत. सन्मानाने निरोप देऊ."

सन्मानाने म्हणे! संताप आला, पण कोणत्या तोंडाने बोलणार? सही माझीच होती. "ऑर्डर देण्याआधी एकदा ताईंना नमुने दाखवतो," एवढंच पुटपुटलो. 'दाखवतो' म्हणालो आणि जीभ चावली.

तिन्ही फोन जोडून त्यांच्या टेबलावर मांडले. "ताई, यातला एक निवडायचाय."

काचेवरून त्यांनी तळवा फिरवला. "हा फोन आहे की आरसा? मला आरशाचा काय उपयोग! तुम्हाला तरी आहे का?"

दुसऱ्याची बटणं इतकी सपाट, की त्यांनी तो नुसताच बाजूला सारला. तिसरा काळा, बोजड, कुणी फुकट दिला तरी मी घेतला नसता असा. त्याच्यावर त्यांचं बोट थबकलं.

"इथे ठिपका आहे."

पाचाच्या बटणावर बारीकसा उंचवटा असतो, हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्या टेबलावरच्या फोनवरही तो होता, इतकी वर्षं.

"पाच सापडला की बाकीचे नऊ जातात कुठे?" ताई म्हणाल्या.

तेवढ्यात साहेब आले. "हा फारच साधा दिसतो हो, ताई."

"दिसण्यातलं मला नका विचारू, साहेब. डोळे मिटा आणि आधी त्या काचेवरून, मग यावरून मला फोन लावा बघू."

साहेबांनी डोळे मिटले. काचेवर बोटं आपटली, तर फोन गेटवर लागला. "कोण रे तू? कामधंदा नाही का?" वॉचमन खेकसला. साहेब लालबुंद. मग काळा फोन घेतला. चाचपडत ठिपका शोधला, तिथून एकेक बटण मोजत नंबर दाबला. ताईंच्या टेबलावर घंटी वाजली.

"जोडते हं," ताई सवयीने म्हणून गेल्या. अख्खा मजला हसला, साहेबही हसले.

"हेच साठ मागवा," ते मला म्हणाले. मला इतकं हलकं वाटलं की सांगता सोय नाही.

पंधरा दिवसांनी फोन बसले. धीर करून ताईंकडे गेलो. "ताई, एक सांगायचं होतं."

"तो आरसा तुम्हीच निवडला होता ना?"

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. त्या दिवशी 'ताई' म्हणताना आवाज खाली गेला होता तुमचा."

"चुकलं माझं."

"चुकलंच," त्या म्हणाल्या. "पण ऑर्डर जाण्याआधी आलात. इतर बाबतीत कुठे वेळेवर येता!" फोन वाजला. त्यांचं बोट अलगद ठिपक्यावर गेलं.

हल्ली ताईंना फोन लावायचा असला की मी डोळे मिटून लावतो. अजून मधूनमधून वॉचमनच उचलतो.