रजईतली दुर्बीण
दातांच्या दवाखान्यात दिवसभर फोन घेणाऱ्या आत्याने चंद्राआड जाणारा शनी कॅमेऱ्यात टिपायचा चंगच बांधला होता. दुर्बीण आतून उबदार राहिली तर चित्र हलतं, म्हणून तिने ती दुपार कलतानाच गच्चीत गार व्हायला ठेवली. संध्याकाळी कॅमेरा घेऊन वर गेली, तर दुर्बीण गायब!

"मी आणली खाली," तिची वहिनी म्हणाली. "केवढी गारठली होती! रजईत गुंडाळून हीटरजवळ ठेवलीय."

आत्याने कपाळावर हात मारला. "अगं वहिनी, ती दुर्बीण आहे, बाळंतीण नव्हे!"

धावतपळत दुर्बीण वर नेऊन तिने कॅमेरा जोडला. पडद्यावर शनी उकळत्या पाण्यातल्या वाटाण्यासारखा नाचत होता, आणि नाचता नाचताच तो चंद्राआड गेला. वहिनीचं तोंड एवढंसं झालं.

"तासाभराने दुसऱ्या बाजूने बाहेर येईलच की," आत्या म्हणाली. "तोवर गारठू दे हिला."

वहिनी कुडकुडत तिथेच बसून राहिली. अखेर चंद्राच्या कडेशी शनी वर आला, आपल्या कड्यांसकट, अगदी स्थिर. आत्याने मनासारखे फोटो काढले.

"आता नेऊ ना हिला खाली?" वहिनीने हळूच विचारलं.