टेकाडावर ठेवलेली अंडी

उन्हाळ्यात तुंगार्लीचं तळं आटत गेलं की काठचा गाळ उघडा पडे आणि आम्ही बाया त्यात कलिंगडं लावत असू. हिवाळ्यात कोकणातल्या खाड्यांवरचे पक्षी घाट चढून याच चिखलात चरून गेलेले असत. उन्हाळ्यात उरे ती टिटवी. ती जिथे अंडी घालते तिथवर, पिल्लं निघेपर्यंत, पाणी चढत नाही असं सगळे मानत. अंडी खाली असली तर पाऊस उशिरा, वर असली तर लवकर. हे बघून सांगायचा मान ठाकरवाडीतल्या एका मावशीचा. तिचा पट्टा माझ्या पट्ट्याला लागूनच होता.

त्या वर्षी खुरपताना माझ्याच वेलांत टिटवीची अंडी दिसली. पायाखाली येतील म्हणून मी ती पदरात घेतली आणि वर टेकाडावर, दगडांत नेऊन ठेवली. केवढं पुण्य केलं म्हणून स्वतःवरच खूश! अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने ती पाहिली. टिटवी आकांत करत घिरट्या घालतच होती.

"पोरी, औंदा पाऊस लय लवकर. हे समदं पाण्यात जाणार," ती म्हणाली आणि मुठीएवढी कच्ची कलिंगडं तोडायला लागली. भाजी करून तरी पोटात जातील, म्हणाली. तिच्या शब्दावर वाडीतल्या बायांनीही तोडली.

"तू न्हाई तोडत?"

"बघते अजून," मी म्हटलं.

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण टिटवीच्या अंड्यांना हात लावणं अशुभ. सासूला कळतं तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. मी मावशीची पाटी भरायला मदत केली. मदत! आजही आठवलं की माझी मलाच शिसारी येते.

अंडी कावळ्यांनी खाल्ली. पाऊस उशिराच आला. माझी कलिंगडं मात्र पिकली आणि स्टेशनवर हातोहात खपली. मावशी कुणावर रागावली नाही. "माजी नजर गेली," एवढंच म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात बाया नेहमीसारख्या तिला विचारायला आल्या, तेव्हा तिने माझ्याकडे बोट केलं.

"मला न्हाई कळत आता. हिला इचारा, हिची पिकली व्हती."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मावशीसुद्धा, ऐकायला. मी गाळावर नजर फिरवल्यासारखं केलं आणि सांगितलं, "औंदा उशिरा."