वायरीच्या पाईपाला सोल्युशन कशाला

मंडळी, आज सकाळी गावाकडं, धावड्याला आमचा बैल शॉक लागून गेला. आत्ता जालन्याला परत आलोय, पण मन कशातच लागत नाही.

घरापासून गोठ्यापर्यंत जमिनीखालून प्लास्टिकच्या पाईपातून वायर नेलेली आहे. त्यावरच्या ओल्या मातीत बैलाचा पाय पडला, तो तिथंच कोसळला.

वायरमननं खोदलं तर पाईपाचा जॉइंट नुसत्या हातानं निघाला. आतून गढूळ पाणी सांडलं. त्याच पाण्यात वायरीचा जोड होता, टेप सुटलेला.

"जॉइंट चिकटवायचं सोल्युशन लावलं न्हाई का याला?" त्यानं विचारलं.

माझे वडील म्हणाले, "विहिरीच्या पाईपाला बराबर लावलं होतं. याला म्याच नको म्हनलो. वायरीच्या पाईपातून कुठं पाणी जायचंय?"

खरं तर हे बोलणं माझं होतं. पाईप टाकताना ते सोल्युशनचा डबा घेऊन उभे होते आणि मीच त्यांना हसून परत पाठवलं होतं.

आज त्यांनी ते चारचौघांत स्वतःवर घेतलं, आणि मी खाली बघत उभा राहिलो. बसपर्यंत सोडायला आले तरी त्यांनी विषय काढला नाही.

तुम्ही माझ्या जागी असता तर तिथं खरं बोलला असता का?