आटणीविना तीन महिने

लग्नानंतर मूल होईना तेव्हा आमच्या घरात तपासणी झाली ती फक्त माझी. हुपरीत काय नि कोल्हापुरात काय, दोष आधी बाईच्याच पोटात शोधतात. नवऱ्याच्या नीट तपासणीचा नंबर लागला तो टेस्ट ट्यूबच्या दोन खेपा वाया गेल्यावर. त्यातही त्यांच्या बीजाची संख्या चांगली निघाली, तेव्हा सासूबाईंनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

कोल्हापूरच्या डॉक्टरबाई मात्र संख्येवर थांबल्या नाहीत. आणखी एक तपासणी करून त्यांनी आम्हां दोघांना समोर बसवलं. "बीज भरपूर आहे, पण त्याच्या आतला गुणसूत्रांचा धागा बऱ्याच ठिकाणी तुटलाय. गर्भ धरतो, थोडा वाढतो, मग अडखळतो. थोडीफार मोडतोड स्त्रीबीज सावरून घेतं, पण वय वाढलं की त्याचीही ताकद कमी होते."

माझी चाळिशी उलटली होती. आता करायची खेप शेवटची, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

"काम काय करता?" त्यांनी यांना विचारलं.

"चांदीचं. पैंजण. आटणी मीच करतोय की."

आटणी म्हणजे चांदी वितळवणं. भट्टीपुढं उकिडवं बसायचं आणि मांड्यांवर धग घ्यायची.

"तीन महिने भट्टीपुढं बसायचं नाही. तंबाखूही बंद. नवं बीज तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. कारण तेच असेल असं नाही, पण हातात आहे तेवढं तरी करू."

तंबाखू त्यांनी त्याच दिवशी सोडली. खरं सांगते, मला फार अभिमान वाटला. भट्टीही सोडली असती. पण आमच्याकडं घुंगरू जोडायला, पॉलिशला बाहेरचे कारागीर चालतात, आटणीला चालत नाहीत. मुशीत किती चांदी पडली नि किती निघाली, हे घरच्याच माणसानं बघायचं असतं. सासरे गेल्यापासून घरात पुरुष एकच. लगीनसराई तोंडावर आली तशी सासूबाईंनी भुणभुण लावली.

"परक्याच्या हातात चांदी द्यायची व्हय? असल्या धगीनं कुणाची पोरं व्हायची थांबल्यात? तुझ्या बाचं काय अडलं न्हाय ते!"

मी म्हटलं, मला शिकवा, मी बसते. तर मायलेक दोघंही हसली. बाई आटणीला बसत नाही. इंजेक्शनं मात्र कितीही घेऊ शकते.

एका दुपारी दळण घेऊन आले तर घरामागच्या कारखान्यातून भट्टीच्या बर्नरचा आवाज. आत हे उकिडवे, घामानं निथळत. "एवढी एकच की गं. पैंजणाची तार संपलीया." मी एवढी ओरडले की शेजारची ठोकाठोक थांबली. पुढच्या आठवड्यात तोच आवाज पुन्हा आला. तेव्हा मी ओरडले नाही. माल गेला नाही तर घर कसं चालायचं, हे मलाही कळत होतं.

तीन महिने सरल्यावर खेप झाली, गर्भ तयार झाले. त्यांतले थोडेच टिकले. त्यांच्या पेशी तपासायला बाहेरगावी पाठवल्या आणि मग डॉक्टरबाईंनी बोलावून घेतलं. एकही गर्भ पोटात ठेवण्याजोगा नव्हता. सगळ्यांची गुणसूत्रं बिघडलेली.

"भट्टीमुळं?" यांनी विचारलं. तो आवाज मला ऐकवेना.

"नक्की नाही सांगता येत. असा बिघाड जास्त करून स्त्रीबीजाच्या वयामुळं होतो. पुरुषबीजाचाही वाटा असू शकतो. तुमच्यात कुणाचा किती, हे कधीच सांगता यायचं नाही."

आम्ही हुपरीची बस धरली. मला कुणावर तरी चिडायचं होतं, आणि तो माणूस शेजारीच बसला होता. पण पक्कं कारण हातात नव्हतं.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. चपला न काढताच हे म्हणाले, "आई, न्हाय झालं. माझ्या बीजातच खोट हाय. हिचं काय न्हाय."

इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा माझ्या बाजूनं बोलले. मला रडू फुटलं.

सासूबाईंनी आधी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "गप की. बायकूचं झाकाय पुरुषानं सवताच्या अंगावर घ्यायचं नसतंय," म्हणाल्या आणि लेकासाठी पाणी आणायला आत गेल्या.

ते खरं बोलले की खोटं, हे त्यांनाही माहीत नव्हतं, मलाही नाही. मूल तर येणारच नव्हतं.