वास्तुशांतीला आगीचं बोलणारे मामा

वास्तुशांतीचं आमंत्रण असलं की दमकलमामा आधी घरात शिरायचेच नाहीत. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून रस्त्याची रुंदी बघायचे, वरच्या तारा बघायचे आणि मग पानावर बसून यजमानाला म्हणायचे, "घर छान बांधलंत. पण आग लागली तर आमची गाडी येईल कुठून?" त्यांची सगळी नोकरी उज्जैनच्या दमकलमध्ये, म्हणजे अग्निशमन दलात गेली होती, निवृत्त झाले तरी गाडी 'आमची'च होती. हळूहळू लोकांनी त्यांना बोलावणं सोडलं. शुभकार्यात अशुभ बोलतात म्हणे.

शहर इंदूर रोडकडे पसरलं, शेतं गेली आणि आमच्यासारख्या कॉलन्या उठल्या. घरोघरी मोटारी, आणि सगळ्या रस्त्यावर. मामा संध्याकाळी दारोदार फिरायचे. "भैया, गाडी जरा साइडला घ्या ना. दमकल काय उडून येणार?" लोक हो-हो करायचे. मोटार तिथेच राहायची.

मग कॉलनीच्या समितीला कमानीची हौस आली. वर कळस, खाली रंगीत दिवे. खांब रोवताना मामा अध्यक्षांशी कडाकडा भांडले. "उंच करा, चौडी करा. याच्याखालून आमची गाडी निघणार नाही." अध्यक्ष हसले. "मामा, अपने यहाँ कब आग लगी है?"

लागली. आमच्याच घरी, भर दुपारी, एसीच्या वायरिंगमधून. मी बँकेत होते आणि आई वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. दमकल वेळेवर आली आणि कमानीशी अडली. जवान मोटारींच्या फटींतून पाइप ओढत राहिले. समोर राहणारे मामा त्यांच्यासाठी थांबले नाहीत. ओली चादर घेऊन वर गेले आणि आईला उचलून खाली घेऊन आले. आई वाचली. मामांच्या छातीत धूर भरला होता. इस्पितळात मी रडायला लागले, तर धापा टाकत म्हणाले, "रडतेस काय? ती कमान तोडव आधी." ते घरी परत आले नाहीत.

शोकसभा त्या कमानीखालीच झाली, सतरंज्या घालून. ज्यांनी त्यांना जेवायला बोलावणं बंद केलं होतं, ते एकेक उठून त्यांना देवमाणूस म्हणत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभी राहिले आणि म्हणाले, कमान पाडा, मामांनी तेवढंच मागितलं होतं. अध्यक्ष अगदी मवाळ आवाजात म्हणाले, "दीदी, तोड़ना क्यों? इस पर मामा का नाम लिखवा देंगे."

आणि शोकसभेत टाळ्या वाजल्या.